काही न विचारणारी मदत

पुराचं पाणी उतरलं तेव्हा मावशीच्या खोलीत घोट्याच्या वर गाळ साचला होता. त्या गाळात गिऱ्हाइकांचे कपडे होते, फुगलेलं लाकडी टेबल होतं आणि पाणी पिऊन निकामी झालेली इस्त्री. सगळी गल्ली तिला मावशीच म्हणायची. नवरा गेल्यापासून ती इस्त्रीवरच घर चालवत होती. घर म्हणजे ती आणि तिची नणंद.

पहिल्या आठवड्यात ट्रक आला आणि माणशी दोन ब्लँकेटं देऊन गेला.

"घडी मोडलीय यांची," मावशी ब्लँकेट उलगडत म्हणाली. "इस्त्री मारली असती, पण ती असायला हवी ना."

मग फोन यायला लागले. एक गोड, घोटीव आवाज बोलायचा, "अभिनंदन. आपल्याला पूरमदत मंजूर झाली आहे. आपल्याला आलेला ओटीपी..." तेवढ्यावर मावशी फोन कापायची. गेल्या वर्षी अशाच एका आवाजाने घरातली सगळी शिल्लक हातोहात लांबवली होती.

"अभिनंदन म्हणाले की खिसा धरायचा," नणंद बजावायची.

पण हा फोन खरा होता. सरकार आणि फोन कंपनी यांनी मिळून ती सोय केली होती. मदत थेट माणसाच्या नंबरवर जमा होणार आणि फोनवर तो ओटीपी सांगितला की कुठल्याही रिचार्जच्या दुकानात रोख मिळणार. शहराच्या इतर भागांत लोक पैसे नेत होते. या गल्लीत मात्र जवळजवळ कोणीच नेले नव्हते. ज्या इंजिनिअर मुलीने कंपनीत ही सगळी यंत्रणा बांधली होती, तिला हे बघून चैन पडेना. ऑफिसात बसून आणखी चार फोन लावणं तिला सहज जमलं असतं. ती उठून गल्लीत आली.

मावशीने तिला दारातच उभं केलं.

"तुमचे पैसे आलेत, मावशी. तुम्ही फोन का कापता?"

"ओटीपी मागतात म्हणून. तू पण मागणार आहेस का?"

"नाही. तुम्ही कोणालाच देऊ नका." मुलगी उंबऱ्यावरच टेकली. चपला चिखलाने माखल्या होत्या. "मी फक्त ऐकायला आलेय. कोणाचा फोन आला तर तुम्ही कापणार नाही?"

उत्तर आतून नणंदेने दिलं. "लसवाल्या बाईंचा. त्यांचा कापायची कोणाची हिंमत आहे?"

लसवाल्या बाई म्हणजे दवाखान्यातल्या नर्स. गल्लीतलं प्रत्येक पोर त्यांच्या हातून टोचून घेऊन रडलं होतं. आवाज घोगरा आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं.

मुलगी तडक मदत कार्यालयात गेली. तिथल्या मुख्य अधिकारी एक मॅडम होत्या. कामाचा ढीग पुढ्यात असूनही त्यांनी पेन खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, आपण बोलतो अगदी चोरांसारखं. तेच शब्द, तीच मागणी. लोक सावध आहेत, त्यांचं काहीच चुकत नाही."

"मजकूर वरून मंजूर होऊन आलाय," शेजारचा कारकून पुटपुटला.

"मग आज दुसरा मंजूर करू. सही माझीच लागते," मॅडम म्हणाल्या. "आणि ओटीपीचं काय? तो काढला तर पैसे भलत्याच्या हातात जातील?"

"नाही जाणार. दुकानदार ओळखपत्र बघेल आणि फोटो जुळतो का ते मशीनवर तपासेल. आमच्या बाजूचं काम उद्यापर्यंत होईल."

"करा."

तिच्या टीमने शब्द पाळला. नर्सबाईंनी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात नव्या फोनसाठी आवाज भरून दिला. कागदावर लिहून दिलेलं त्यांनी बाजूला सारलं आणि आपल्याच भाषेत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन वाजला. "मी लसवाल्या बाई बोलतेय. पुराची मदत आलीय, खरी आहे. फोनवर कोणी काही विचारलं तर सांगायचं नाही, मी विचारलं तरी नाही. ओळखपत्र घ्यायचं, आपल्या ओळखीच्या रिचार्जवाल्याकडे जायचं, पैसे घ्यायचे. उगाच वेळ काढत बसू नका."

"बरं बाई, निघते," मावशी त्या रेकॉर्डिंगला म्हणाली आणि पदर सारखा करून खरंच निघाली.

दुकानासमोर अर्धी गल्ली आधीच उभी होती. रिचार्जवाल्याने ओळखपत्र पाहिलं, फोटो जुळवला आणि नोटा तिच्या हातात ठेवल्या. कुठे हेलपाटा नाही, कोणाच्या हातापाया पडणं नाही. नोटा मुठीत धरून मावशी थेट बाजाराच्या वाटेला लागली.

इकडे मॅडमनी प्रत्येक वस्तीसाठी वेगळा आवाज शोधायला माणसं पाठवली. कुठे पाण्याच्या टँकरवाल्याचा मिळाला, कुठे शाळेतल्या शिपायाचा. जिथे जिथे फोन कापले जात होते, तिथे लोक आता दुकानांकडे निघाले.

काही दिवसांनी इंजिनिअर मुलगी पुन्हा गल्लीत आली. मावशी नव्या टेबलापाशी उभी होती. नवी इस्त्री, वजनदार, तिने स्वतः हातात तोलून घेतलेली. नणंद बटणं लावत बसली होती. कोपऱ्यात एक छोटा पंखा फिरत होता. मुलीची नजर तिकडे गेलेली पाहून मावशी ओशाळली.

"इस्त्री आणि टेबल घेऊन थोडे उरले होते गं. इतकी वर्षं वाफेत उभी आहे, म्हटलं एक पंखा घ्यावा. चालतं ना? तुमच्या साहेबांना सांगावं लागेल का?"

"मावशी, पैसे तुमचे आहेत. त्यांचं काय केलंत ते कोणीच विचारणार नाही."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

मावशीने नणंदेकडे पाहिलं. मग पंख्याचं तोंड मुलीकडे वळवलं आणि म्हणाली, "ये, इकडे बस. घामाघूम झालीयेस."