गादीवरचं प्लॅस्टिक

सुतारकाकू सेवेची जागा विचारायला गेली, तेव्हा सेवा मंडळाच्या खोलीत मन लावून माशा मारणं चाललं होतं. अकरा खुर्च्या, त्यांत पाच माणसं, आणि समोर भिंतीवर काळा फळा. फळ्यावर पदं लिहिलेली, तीही खडूने नव्हे, ऑइलपेंटने. म्हणजे पुसायची भानगडच नको. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, चिटणीस, स्वागतप्रमुख, माईकप्रमुख, फोटोप्रमुख, घरभेट विभाग. खोलीच्या पायरीशी गटार तुंबलं होतं. त्याला मात्र प्रमुख नव्हता.

काकूचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. लेक लग्न होऊन लांब गेलेली. तीस वर्षं करवतीचं दुसरं टोक तिने धरलं होतं, आता करवत खुंटीला आणि हात मोकळे. सकाळी तीन भांडी घासली की काम संपायचं, आणि दिवस तर अजून उजाडायचाच असायचा. रिकामं घर माणसाला आतून कुरतडतं. म्हणून ती गावात विचारत सुटली होती, की कुणाच्या उपयोगी पडता येईल का. शाळेत मोठे गुरुजी म्हणाले, मुलांना गोष्टी सांगायच्या तर वरून परवानगी लागते. वाचनालयात झाडू मारते म्हणाली, तर वाचनालयाची किल्ली ज्या सेवाभावी गृहस्थाकडे, तो दोन वर्षांपासून शहरात राहायला गेलेला. राहता राहिलं मंडळ.

मंडळाच्या अध्यक्षाला माघारी सगळे भोंगा म्हणत. परोपकारावर तो तासभर बोलायचा आणि ऐकणारे उठून गेले तरी थांबायचा नाही. देवापुढे जोडायला दोन हात लागतात, आणि पडलेल्याला उठवायलाही दोनच लागतात. ह्याने पहिल्या कामात दोन्ही असे अडकवून ठेवले होते की दुसऱ्याला एकही शिल्लक नव्हता. त्याने काकूला विचारलं, काय येतं? ती म्हणाली, पडेल ते. भोंग्याला ते पटलं नाही. पडेल ते असा विभागच नव्हता. चिटणीस म्हणजे गावचा किराणा दुकानदार. त्याने वही उघडली, बोट फिरवलं, आणि तूर्त सगळ्या जागा भरलेल्या आहेत, अर्ज द्या, दोघांची शिफारस जोडा, पुढच्या बैठकीत बघू, असं सांगितलं.

"फुकट राबायला अर्ज?" काकू म्हणाली.

"शिस्त असते, काकू," भोंगा म्हणाला. "नाहीतर उद्या कुणीही उठेल आणि सेवा करील."

पाचही जणांनी माना हलवल्या. माईकप्रमुखाने तर दोनदा.

बाहेर ऊन असं होतं की काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. वाटेत दवाखान्यातली नर्सबाई सायकल ढकलत येताना भेटली. काकूने तिलाही तेच विचारलं. नर्सबाईने अर्ज मागितला नाही. म्हणाली, ओढ्यापलीकडे पोस्टमनकडे जा. पाठीला जखम झाली आहे त्याच्या. दर दोन तासांनी कूस बदलायला माणूस हवं. घरात सून एकटी, ती मजुरीला जाते. जखम हाडाला लागली तर पावसाळा काही तो बघत नाही.

हा पोस्टमन तीस वर्षं चार वाड्यांना पायी पत्रं वाटत फिरलेला. घराची कौलं चाळताना खाली आला आणि कमरेपासून खाली लुळा पडला. मुलगा ट्रकवर, महिन्यातून एकदा तोंड दाखवणार. काकू गेली तेव्हा तो घरामागच्या पत्र्याच्या खोलीत एका जाड गादीवर पडला होता. गादी नवीकोरी. तिच्यावर दुकानातलं प्लॅस्टिक तसंच, आणि प्लॅस्टिकवर निळ्या ठसठशीत अक्षरांत 'सेवा मंडळाकडून सप्रेम भेट'. पाठीखाली घामाचं तळं साचलेलं.

"वहिनी," तो म्हणाला, "ही गादी आहे का तवा, तेवढं बघा. दोन महिने भाजतोय, अजून उलटवलं नाही कुणी."

सून कामावर निघायच्या घाईत होती. तिने सांगितलं ते ऐकून काकूला आधी खरंच वाटेना. मंडळाचे अकरा जण गादी घेऊन आले, फोटो काढले, आणि जाताना बजावून गेले की शहरातून मोठ्या मॅडम गाव बघायला यायच्या आहेत, तोवर प्लॅस्टिक काढायचं नाही. अक्षरं दिसली पाहिजेत. गादी मळली तर गावाची लाज जाईल. बिचारी घाबरली. नर्सबाई यायची तेव्हा ती वर चादर पसरायची, गेली की काढून घ्यायची. आणि मामंजींचं एवढं थोरलं अंग तिला एकटीला हलत नव्हतं.

काकू घरी जाऊन नवऱ्याची पटाशी घेऊन आली आणि प्लॅस्टिक डोक्यापासून पायापर्यंत सरळ फाडलं. जखम पाहिली. तळहाताएवढी होती. मग चादरीची चौपदरी घडी करून पोस्टमनच्या अंगाखाली सरकवली, पलीकडून टोक धरलं, गुडघा खाटेला लावला आणि सुनेला सांगितलं, बघून ठेव, ओंडका उचलायचा नसतो, लोळवायचा असतो. तीस वर्षं ती एवढ्या एवढ्या तुळया अशाच लोळवत आली होती. ओढलं, आणि माणूस अलगद कुशीवर आला.

"ओंडका म्हणालात मला," पोस्टमन भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"ओंडका बरा, भाऊजी. तो बोलत तरी नाही."

त्या दिवसापासून काकूचे दिवस दोन-दोन तासांनी कापले गेले. सकाळी सून गेली की ही यायची. पुसणं, कोरडं करणं, नर्सबाईचं मलम लावणं, लोळवणं. सून परत आली की पुढच्या पाळ्या तिच्या. पोस्टमन कुरकुर करायचा, वाड्यावाड्यांच्या जुन्या भानगडी सांगायचा, कुणाचं पत्र कुणाच्या बायकोने फोडलं तेही. आणि फाडलेलं ते प्लॅस्टिक सुनेने कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलं. कोंबड्यांनी त्याची लाज बाळगली नाही.

महिना गेला. मॅडम यायच्या आदल्या दिवशी मंडळ रंगीत तालीम करायला आलं, अकराच्या अकरा, सारख्या पिवळ्या जाकिटांत. काय दिसले. झेंडूचं शेत चालत यावं तसे. भोंगा आत आला, गादीवर साधी चादर बघितली आणि त्याचा आवाजच बसला, जे कधी होत नव्हतं. फोटोप्रमुखाने बाहेरून बातमी आणली की अक्षरं खुराड्यावर आहेत.

मग तोंडाचे पट्टे सुटले. मंडळाच्या वस्तूची नासधूस झाली म्हणे. काकूला कुणी नेमलं, कोणत्या विभागात, कोणत्या बैठकीत? चिटणीसाने दुकानातून दुसरं प्लॅस्टिक मागवायची सूचना केली. उद्या तासभर अंथरायचं, मॅडम गेल्या की काढायचं. काकू म्हणाली, तासभरही नाही, कालच कुठे जखमेच्या कडा सुकायला लागल्यात. तेव्हा भोंग्याने सुनेकडे मोहरा वळवला. नियम पाळायचे नसतील तर गादी परत न्यावी लागेल.

सुनेचं तोंड पांढरं पडलं. गादी गेली तर खाली नुसत्या फळ्या. ती काकूकडे बघायला लागली.

"न्या," काकू म्हणाली. "पण गादीवर माणूस आहे. आधी त्याला उचला."

खोलीत अकरा जण. पुढे कुणी सरकेना. एकाचं कंबरेचं दुखणं निघालं, दुसऱ्याला मलमाचा वास सोसेना, घरभेट विभाग तर घराबाहेर जाऊन उभा राहिला. पोस्टमनने एका हाताने पांघरूण बाजूला केलं.

"या की," तो म्हणाला. "तुमच्या एकेकाच्या दारात मी पायी आलोय, चिखल तुडवत. आज तुम्ही चार पावलं या."

चार पावलं फार लांब होती. भोंग्याने खाकरून घसा साफ केला, मंडळ मोठ्या मनाचं आहे, गादी राहू द्या, असं जाहीर केलं आणि पहिला बाहेर पडला. एवढी थोर माणसं एवढ्या अरुंद दारातून एवढ्या लवकर जाताना आमच्या गावाने पूर्वी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. ओढ्यापलीकडची वाट खराब आहे असं सांगून त्यांना फळा दाखवला, जाकिटं दाखवली, माईक ऐकवला. त्यांनी घड्याळ बघितलं, सही केली, गेल्या. सेवा मंडळाला प्रशस्तिपत्र मिळालं. मिळणारच होतं.

पाऊस सुरू होऊन रान हिरवं झालं, तेव्हा एक दिवस चिटणीस छत्री सावरत काकूकडे आला. गोड बोलायला लागला. प्रशस्तिपत्राला चौकट हवी होती. सुतारदादांनी एक सागवानी फळी जपून ठेवलेली त्याला ठाऊक होती, तीच शोभेल. काकूला सेवेची हौस आहेच, तेव्हा मजुरीचा विषय काढायला नको.

काकू म्हणाली, फळी वापरली.

कशाला, म्हणून त्याने विचारलं, तर ती छत्रीशिवायच ओढ्याकडे चालायला लागली. तिची दुपारची पाळी होती. चिटणीस मागोमाग गेला.

दारात खुर्ची होती, उंच पाठीची, दोन्ही बाजूंनी पट्टे लावलेली, आणि तिच्यात पोस्टमन बसलेला. पडल्यापासून पहिल्यांदा पाऊस बघत होता. त्याचा सदरा पाठीला कोरडा होता. नर्सबाईने सकाळीच पट्टी कायमची काढली होती. चिटणीसाने वाकून खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवलं. सागवान होतं. रंधा मारून गुळगुळीत केलेलं, कुठे कुसळ म्हणून नव्हतं.

"फळी चांगली होती," तो हळहळून म्हणाला.

"अजून आहे," पोस्टमन म्हणाला, आणि आणखी जरा मागे टेकला.