मागची दोन बाकं

सहा दिवस लाँड्रीत उभं राहायचं आणि सातव्या दिवशी चर्चच्या दारात. मावशींच्या पायांना आठवड्यात सुट्टीचा वारच उरला नव्हता. दवाखान्याच्या चादरी गरम रोलरमधून बाहेर आल्या की त्यांच्या घड्या घालायच्या, हे पोटाचं काम. दारात उभं राहून येणाऱ्याचं हसून स्वागत करायचं, हे देवाचं. पाय मात्र दोन्हीकडे सारखेच सुजत.

त्या रविवारी चपला घालता घालता त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं, "आज पाळकसाहेबांशी बोलणार आहे. दार दुसऱ्या कोणाला तरी द्या म्हणावं."

नवरा जन्मभर ट्रक चालवून आता घरी बसला होता. "मागच्या महिन्यातही बोलणार होतीस," तो म्हणाला. "तू तोंड उघडतेस, ते हात जोडतात, आणि तू आणखी एक काम पदराला बांधून घरी येतेस."

"आज तसं व्हायचं नाही."

"बरं. बोल मग. मी काय, भात लावून ठेवतो."

दार मावशींकडे आलं त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी चर्च ओस पडत चाललं होतं. उपदेश सुरू असताना कोणी खोकलं, तर कोण खोकलं ते न बघता ओळखता यायचं. मग हे पाळकसाहेब आले. तरुण, उत्साही, आणि कोणालाही नाही म्हणता येऊ नये असे गोड. त्यांनी नव्या माणसांसाठी एक पद्धत घातली. दारात मावशींनी स्वागत करायचं. मागची दोन बाकं नव्यांची. उपासना संपली की त्या बाकांवरच्या माणसांना बाजूच्या खोलीत न्यायचं, चहा द्यायचा, चर्चचं नाव छापलेलं एक पेन द्यायचं. मग पाळकसाहेब येऊन हात मिळवणार. जुनी माणसं आपापल्या ठरलेल्या जागी पुढे बसत, त्यामुळे गोंधळ होण्याचा प्रश्नच नव्हता. आणि माणसं खरोखरच वाढली. ते मावशीही नाकारत नव्हत्या.

पण बाजूच्या खोलीत पूर्वी बुधवारचं वाचन चालायचं. टेबलाभोवती पाचसहा जण बसायचे. बायबलच्या शुभवर्तमानातलं एकच वाक्य वाचायचं आणि प्रत्येकाने ते आपल्या शब्दांत सांगायचं. चुकलं तरी कोणी हसायचं नाही. मावशी शाळेत फार शिकल्या नव्हत्या, पण त्या टेबलाशी बसल्या की आपणही काहीतरी शिकतोय असं त्यांना वाटायचं. पुढे बुधवारी स्वागत समितीची बैठक सुरू झाली. वाचन पुन्हा सुरू करू, असं पाळकसाहेब म्हणाले होते. त्या म्हणण्यालाही आता बरेच दिवस झाले होते.

दार हाती आल्यापासून मावशींनी एकही उपदेश धड ऐकला नव्हता. उशिरा येणाऱ्यांसाठी त्या दारातच असत. रात्री प्रार्थनेसाठी डोळे मिटले की ओठांवर "या, या, इकडे जागा आहे" एवढंच येई. पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्यांना हसू आलं होतं. आता येत नव्हतं.

त्या दिवशी उपासना संपल्यावर मागच्या बाकांवर एकच माणूस उरला होता. चाळिशीचा असेल. स्वच्छ शर्ट, खिशात चष्मे पुसायचं फडकं. मावशींनी सवयीने हात पुढे केला. "या ना, इकडे चहा घेऊया. पहिल्यांदाच आलात?"

तो निमूटपणे खोलीत आला आणि खुर्चीवर बसला. मावशींनी चहा दिला, पेन दिलं. पेन हातात फिरवत तो म्हणाला, "मावशी, माझ्या घरी या पेनांचा डबा भरलाय. आमच्या चष्म्याच्या दुकानात सगळे यानेच पावत्या लिहितात."

मावशींना कळेना. "म्हणजे?"

"मागच्या वर्षीपासून येतोय मी."

"आणि दर वेळी..."

"दर वेळी चहा. कधी तुम्ही देता, कधी त्या दुसऱ्या ताई देतात. पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बसलो, ते तिथेच राहिलो. पुढची बाकं तुमची घरची वाटली."

"अहो, मग सांगायचं नाही का!"

"सांगणार होतो. पण तुम्ही इतक्या प्रेमाने विचारता की पहिल्यांदाच आलात का, नाही म्हणायला जीभ रेटत नाही."

मावशींनी कपाळावर हात मारला. तोही ओशाळून हसला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "आज शेवटचं आलोय. न सांगता गेलो तर बरं दिसणार नाही, म्हणून बसलो."

"का हो? कोणी काही बोललं का?"

"कोणी काहीच बोललं नाही." त्याने पेन टेबलावर ठेवलं. "आई गेल्यावर आलो होतो मी. एक विचारायचं होतं. देवावर राग आहे माझा. असा राग पोटात ठेवून इथे बसलं, तर चालतं का?"

पाणी कुठे आहे, मुलांचा वर्ग कुठे भरतो, गाडी कुठे लावायची, हे सगळं मावशींना झोपेतही सांगता आलं असतं. हा प्रश्न मात्र दारात कधी कोणी विचारला नव्हता. "मला नाही माहीत, बाबा," त्या म्हणाल्या. "पूर्वी असं काही निघालं की आम्ही म्हणायचो, बुधवारी टेबलावर घेऊ."

"मग बुधवारी येऊ का?"

मावशी उत्तर देणार तेवढ्यात पाळकसाहेब लगबगीने आत आले, चष्मेवाल्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "पहिल्यांदाच आलात ना? फार आनंद झाला!"

चष्मेवाल्याने मावशींकडे बघितलं. मावशींनी पाळकसाहेबांना बाहेरच्या बोळात नेलं आणि सगळं सांगितलं. पाळकसाहेब भिंतीला टेकले.

"वर्षभर?"

"वर्षभर. पाळकसाहेब, मला बुधवारी ती खोली हवी आहे."

"मावशी, बुधवारी बैठक असते. पुढच्या महिन्यात पाहुण्यांचा मोठा रविवार आहे, तुम्हाला ठाऊकच आहे."

"मग त्या बैठकीला मी नाही. आणि दारातही पहिलं गीत सुरू होईपर्यंतच. त्यानंतर मी आत बसणार, पाठ टेकून."

पाळकसाहेबांनी हात जोडले. "असं नका करू. दारात कोणी दिसलं नाही तर माणसं आल्या पावली परत जातात. चर्च कसं ओस पडलं होतं, तुम्हीच मला सांगितलं होतं ना?"

"जाईल एखादा परत," मावशी म्हणाल्या. हे बोलताना त्यांना वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. "पण हा आत येऊन बसलाय आणि उठून चाललाय. माझंही तसंच झालंय. मला हल्ली प्रार्थना करता येत नाही."

पाळकसाहेबांनी चपलांच्या रांगेतली एक चप्पल पायाने सरळ केली. मग हळू आवाजात म्हणाले, "उपदेश तयार करायचा नसेल, तर मीही बायबल उघडत नाही हल्ली." चेहऱ्यावरून हात फिरवून ते पुढे म्हणाले, "खोली खरंच नाही देता येत, मावशी. एवढा महिना तरी नाही."

"राहू द्या. माझ्या घरी जेवायचं टेबल आहे."

मावशी खोलीत परत आल्या तेव्हा चष्मेवाला कप विसळत होता. त्यांनी घराचा पत्ता सांगितला. येतो असं तो म्हणाला नाही. बघतो म्हणाला.

बुधवारी लाँड्रीत चादरींचा ढीग नेहमीपेक्षा मोठा होता. मावशी घरी पोचल्या तेव्हा त्यांचे खांदे भरून आले होते. पूर्वीच्या वाचनातली एक म्हातारी शिंपीणबाई आधीच येऊन बसली होती. नवरा "मी आपला ऐकतो फक्त" म्हणत दाराशी टेकला. चष्मेवाला उशिरा आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

शिंपीणबाईने बाजूची खुर्ची ओढली. "बसा. तुमचं ते रागाचं मावशींनी सांगितलंय मला. माझा मुलगा गेला तेव्हा मी कितीतरी महिने देवाशी अवाक्षर बोलले नव्हते. चर्चला जायची, तोंड मिटून बसायची, घरी यायची. चालतं की नाही, मी कोणाला विचारलंच नाही."

"मग बोलायला कधी लागलात?"

"लागले कधीतरी. भांडायलाच लागले आधी."

तो बसला. मावशींनी बायबल उघडून त्याच्यापुढे सरकवलं आणि एका वाक्यावर बोट ठेवलं. "एवढंच वाचायचं. मग तुमच्या शब्दांत सांगायचं."

"चुकलं तर?"

"चुका की."

तो अडखळत वाचू लागला. मावशींनी डोळे मिटले. उठायचं नव्हतं, हसायचं नव्हतं, कोणाला जागा दाखवायची नव्हती. एक माणूस वाचत होता आणि त्यांनी फक्त ऐकायचं होतं. वाक्य संपलं, पण थकव्यामुळे त्यांना अर्धंच कळलं होतं.

"पुन्हा एकदा वाचा," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या.

त्याने घसा साफ केला आणि पुन्हा वाचलं, आधीपेक्षा सावकाश.