डाव्या कोपऱ्यातला प्रफुल

गावात पाय ठेवल्यावर काय काय ऐकून घ्यावं लागेल, याची उजळणी प्रफुलनं ब्रह्मपुरीहून एसटीत बसल्यापासून चालवली होती. कोणी शिव्या घालील, कोणी पुढ्यात थुंकेल, पोरं मागून रिकामा डबा वाजवत येतील. डब्यातली पावडर खाऊन राज्याच्या संघात कबड्डी खेळलेला, लघवीच्या तपासणीत सापडलेला आणि दोन वर्षांची बंदी घेऊन घरी निघालेला माणूस, त्याची काय हत्तीवरून मिरवणूक काढणार? ज्या गावानं डोक्यावर घेतलं त्याला आपटायचा हक्कही गावाचाच, असं त्यानं मनाला पक्कं बजावलं होतं. सगळ्याची तयारी होती. जे झालं त्याची मात्र नव्हती.

"कोठचे होय जी, पावने?" चौकातल्या पानठेल्यावरून दादाजीनं विचारलं.

या दादाजीनंच त्याला लहानपणी घोटा धरायला शिकवलं होतं. पानठेल्याच्या फळीवर प्रफुलचा पेपरातला फोटो चिकटवलेला होता आणि प्रफुल नेमका त्याच्या खालीच उभा होता. त्याला वाटलं, म्हातारा टोमणा मारतोय. मारू दे, लायकीच आहे आपली.

"दादाजी, मी प्रफुल."

दादाजीनं वर फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टा नव्हती. "तोंडवळ्यानं जरासे तसे दिसता खरे," तो म्हणाला. "पण आमचा प्रफुल मैदानावर हाय. उद्या मंडई आहे ना. पाणी पेता का जी?"

दिवाळीनंतरची मंडई म्हणजे झाडीपट्टीतल्या गावाची जत्रा. घराघरात पाहुणे, रात्री नाटक आणि दुपारी कबड्डीचे सामने. त्यामुळे पाहुणा म्हणून विचारणं तसं वावगं नव्हतं. पण प्रफुल घराकडे चालू लागला तसं हे काही वेगळंच आहे असं त्याला वाटू लागलं. बहिष्कार काय असतो ते त्याला ठाऊक होतं. बहिष्कारात माणसं नजर चुकवतात, दारं लोटून घेतात. इथं एकही दार लागलं नाही. लोक सरळ डोळ्यांत बघून हसत होते, धान कापणी कुठवर आली तुमच्याकडं, असं विचारत होते. एका बाईनं तर लेकराला दटावलं, पावन्याच्या वाटेतून सरक म्हणून. ती त्याची चुलत वहिनी होती.

आता त्याला कौतुक नको होतं, क्षमाही नको होती. आईनं एकदा नावानं हाक मारावी, एवढंच हवं होतं. ती मारील याची त्याला खात्री होती. गाव काय, गाव आज इकडे तर उद्या तिकडे. आई थोडीच विसरणार.

त्याच्या आईनं, शकुबाईनं, त्याला पाहून अंगणात खाट टाकली, पाय धुवायला पाणी आणून दिलं. "बसा जी. दुरून आले दिसता."

"माय," तो म्हणाला. त्यानं उजवा हात तिच्यापुढे धरला. करंगळीशेजारचं बोट लहानपणी बैलबंडीच्या चाकात सापडलं होतं, तेव्हापासून ते वळतच नसे. मूठ वळली तरी ते एकटं सरळ राही. मैदानावर डाव्या कोपऱ्यात, त्याच्या नेहमीच्या जागी, त्याच्या पकडीत सापडलेले गडी नंतर सांगत, तीन बोटं घोट्याला आवळतात आणि चौथं नडगीला टोचत राहतं. बोट चाकात सापडलं त्या दिवशी रक्तानं भिजलेल्या फडक्यात हा हात धरून शकुबाईच दवाखान्यापर्यंत धावली होती.

तिनं ते बोट हातात घेतलं, कुरवाळलं. "अगाई. आमच्या पोराचंबी असंच बोट हाय," ती म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

तिनं दोन ताटं वाढली. एक त्याच्यापुढे ठेवलं, दुसरं झाकून बाजूला सारलं. ते कोणासाठी हे विचारायची प्रफुलची छाती झाली नाही. भात कोरडा लागत होता. आपल्याच घरात आपण जपून, पाहुण्यासारखे जेवतोय हे लक्षात आलं तेव्हा त्याला रडू फुटलं.

"तुमच्या पोरानं काही खाल्लं होतं म्हणे," तो शेवटी म्हणाला. "पेपरात आलं होतं."

शकुबाई शांतपणे सांगू लागली, जणू शेजारच्या गावची हकिकत. "आलं होतं ना. सारा गाव रडला. पोट्ट्यायनं पेपर जाळले. मंग त्याचा फोन आला दादाजीच्या ठेल्यावर. सारे जमलो होतो. तो म्हणे, ज्यानं खाल्लं तो मी नाई, मायची आन. आता मायी खोटी आन तो कायले घेईन? मंग आमाले समजलं. ज्यानं खाल्लं तो कोणी येगळा होय. आमचा पोरगा येगळा."

"मग तो कुठं आहे?"

"आला ना. सांजेची येळ होती, मैदानावर कोणी नाई, अन् डाव्या कोपऱ्यात माती उडून राह्यली होती. दादाजीनं पाह्यलं पहिले. तईपासून इथीच हाय."

प्रफुलच्या हातातला घास ताटात पडला. तो फोन त्याला शब्दान् शब्द आठवत होता. पलीकडून सगळ्या गावाचा श्वास ऐकू येत होता. खरं सांगायला तोंड उघडलं होतं त्यानं. पण एवढी माणसं कान लावून उभी आहेत म्हटल्यावर जीभ आपोआप वळली. आणि खाल्लं तर होतंच. चुकून नव्हे, कोणी फसवून नव्हे. डब्यात काय आहे हे शिबिरातल्या थोरल्या गड्यांनी नीट सांगितलं होतं, आणि तरी त्यानं रोज दुधातून घेतलं होतं. ताकद येते याचा आनंदही झाला होता.

त्याला आत खोलीत झोपायला जागा दिली, पण त्याच्या नेहमीच्या जागी नाही. तिथं आधीच एक वाकळ अंथरलेली होती, आणि सकाळी ती चुरगळलेली होती.

दुपारी मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. मोहाच्या झाडावर पोरं लटकली होती. गावाचे सहाच गडी रिंगणात उतरले आणि डाव्या कोपऱ्याची जागा मोकळी सोडून उभे राहिले. पंच वामनराव नियमाला मोठे काटेकोर, गड्याची बंडी बाहेर आली तरी बोट दाखवणारे. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली, सात मोजले आणि शिटी फुंकली.

समोरच्या संघाचा पहिला गडी कबड्डी, कबड्डी करत आला, कोपऱ्याजवळ गेला आणि तोंडावर आपटला. त्याच्या घोट्याजवळ कोणी नव्हतं. माती मात्र उकरल्यासारखी झाली होती. लोक बेंबीच्या देठापासून ओरडले, "प्रफुल, प्रफुल." गर्दीत उभ्या असलेल्या प्रफुलच्या वाट्याला इतकं प्रेम कधी आलं नव्हतं. राज्याच्या संघात निवड झाली तेव्हासुद्धा नाही. त्याला हेवा वाटला, आणि हेवा कोणाचा वाटतोय हे कळून अंगावर काटा आला.

गर्दीतून वाट काढत तो आईजवळ गेला. शकुबाई राखेच्या रेघेला अगदी लागून बसली होती. तो तिच्या पायाशी बसला. "माय, मी खोटी आन घेतली. मीच खाल्लो. समजून उमजून खाल्लो." हे वाक्य त्यानं बंदी घालणाऱ्या साहेबांपुढेही उच्चारलं नव्हतं. बोलून झालं आणि त्याला हलकं वाटलं. आता तरी ती नाव घेईल.

शकुबाईनं मायेनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "माहीत हाय बापा मले," ती म्हणाली. "तूच खाल्ला असशीन. तो तं खाल्लाच नाई." आणि ती पुन्हा कोपऱ्याकडे बघू लागली.

तेवढ्यात समोरच्या संघाचा कप्तान इतवारी आला. त्यांचा पडलेला गडी पाय टेकवेना. "अंगानं गडी दिसता तुमी," तो प्रफुलला म्हणाला. "एक चढाई करता का आमच्याकडून?"

खेळायला बंदी होती. पण बंदी प्रफुलवर होती आणि इथं तो प्रफुल नव्हता. त्यानं सदरा काढला, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि रेघ ओलांडली.

कबड्डी, कबड्डी. दम चांगला होता. सहा ओळखीचे चेहरे अनोळखी नजरेनं मागे सरकत होते. तो त्यांच्याकडे वळलाच नाही, सरळ कोपऱ्याकडे गेला. तिथं काही नाही हे एकदा पाय ठेवून गावाला दाखवायचं, मग बोलायचं काय ते बोलू. त्यानं उजवा पाय पुढे टाकला.

घोट्याला हात पडला.

घामेजलेला, गरम, जिवंत हात. अंगठा हाडाच्या खाचेत बसला, दादाजीनं शिकवला होता तसा. तीन बोटं आवळली. चौथं सरळच राहिलं आणि नडगीला टोचू लागलं.

कबड्डी, कबड्डी म्हणता म्हणता त्यानं खाली पाहिलं. माती, आणि त्याचा स्वतःचा पाय. मध्यरेघ पाठीमागं दूर राहिली होती. ओरडून सांगावं की हा हात माझा आहे, पण चढाईत दुसरा शब्द काढला की दम तुटला, गडी बाद. त्यानं तरीही तोंड उघडलं. "मी प्रफुल," तो ओरडला.

वामनरावांनी शिटी वाजवून त्याला बाद दिलं. आणि सगळं मैदान एका आवाजात गरजलं, "प्रफुल, प्रफुल." म्हातारे नाचत होते. शकुबाई उभी राहून पदरानं डोळे पुसत होती आणि तेच नाव घेत होती. ज्यासाठी तो एवढ्या लांब आला होता, ते नाव.

पकड सुटली तेव्हा तो मातीत पालथा पडला होता. शकुबाई पाण्याचा गडवा घेऊन रिंगणात आली. आधी कोपऱ्यात गेली, कोणी प्यायला ओंजळ धरावी तेवढ्या उंचीवर गडवा धरून तिरपा केला, आणि त्याची धार मातीवर पडली नाही. मग उरलेलं पाणी घेऊन ती प्रफुलजवळ वाकली.

"लागलं तं नाई न जी, पावने?" तिनं काळजीनं विचारलं. "आमचा पोरगा एकदा धरला का सोडत नाई."