सहा शिट्ट्या कापसाला

मित्रांनो, मी पाच लिटरचा एक जुना कुकर आहे आणि माझं शिक्षण जैव अभियांत्रिकीत झालं आहे.

जन्म कारखान्यातला. पुसदच्या बाजारातून बिजलीबाईंनी मला तांड्यावर आणलं. बारा वर्षं तुरीची डाळ शिजवली. कौतुक झालं, खालून काळाही झालो.

त्यांची मुलगी राखी मोठ्या सरकारी विद्यापीठात गेली. जैव अभियांत्रिकी म्हणजे काय, ते तांड्यात कुणालाच उमगलं नाही. सुट्टीत फुलसिंगकाकांनी तिला बकरी तपासायला लावली. बकरी ठणठणीत निघाली.

त्या साली बोंडअळीने कापूस खाल्ला. उरलेल्या डागाळ कवडीला, म्हणजे किडक्या कापसाला, व्यापारी हात लावेना. राखीने त्या कवडीपासून जखमेवरची पट्टी बनवायला घेतली. शेवटच्या वर्षाचा प्रकल्पच तो. पट्टी निर्जंतुक हवी, पण विभागाचं वाफेचं यंत्र बंद आणि दुरुस्तीची फाइल चालू. प्रत्येक पट्टीवर बुरशी. परीक्षेला दहा दिवस. बुरशी राहिली तर वर्ष गेलं.

तिने घरी फोन करून कुकर मागितला. बिजलीबाईंनी मला डाळीसकट एसटीत चढवलं आणि कंडक्टरला सांगितलं, "पोरगी उपाशी राहून राह्यली, भाऊ. सांडू नका."

डाळ अख्ख्या वसतिगृहाने खाल्ली. मग राखीने मला तीनदा घासलं आणि पोटात कापूस ठेवला. मी नेहमीसारखी वाफ धरली.

बुरशी आली नाही. पण सवयीने तिने अहवालात वेळेच्या जागी लिहिलं: सहा शिट्ट्या.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला. "शिट्टी हे कुठलं एकक?"

"आमच्या याडीचं, सर. म्हणजे आईचं."

त्यांनी समोर करून दाखवायला सांगितलं. मला शेगडीवर चढवलं. ते स्वतः मोजू लागले. मध्येच त्यांना फोन आला. परत येऊन त्यांनी राखीचे मार्गदर्शक अतुल सरांना विचारलं, चार झाल्या का पाच? सर म्हणाले, तीन. दोघेही पीएच.डी.

"पाच," राखीने वही पुढे केली. "साडेतीन मिनिटांनी एक होते, सर. रोज लिहून ठेवलंय. सहा म्हणजे एकवीस मिनिटं."

परीक्षकांनी आठ दिवसांच्या पट्ट्या भिंगाखाली पाहिल्या. स्वच्छ होत्या. तिला पास केलं, आणि शिट्टीपुढे मिनिटंही लिहायला सांगितलं.

प्रयोगशाळेत शिरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकाला चालत नाही. बिजलीबाईंनी नवा कुकर घेतला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? विभागाचं यंत्र अजून बंदच आहे, म्हणून मी चालू आहे.

मित्रांनो, माझं रबर दरवर्षी बदला. शिट्टीचं भोक सुईने साफ करा. माझ्यातून निघालेली पट्टी कुणाच्या तरी उघड्या जखमेवर बसायची आहे.