पोटरीतल्या बाजरीचं पाणी

या, जरा जवळ सरका. टाळ खाली ठेवा, एक गोष्ट ऐकवायची आहे.

वाटूरकडच्या एका गावात, नव्वद सालाच्या आसपास, भुजंग आणि विधवा खैरुनबी यांची उन्हाळी बाजरी एकाच विहिरीवर होती. पाण्याचे वार ठरलेले. एक दिवस त्याचा, एक दिवस तिचा. भुजंग भाविक गडी. शहागडला कीर्तन आहे म्हटल्यावर आपला वार सोडून गेला. आला तो घाईतच. आधी रान भिजवावं, मग युरिया टाकावा, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पण कोरड्या रानातच फेकून मोकळा झाला! आता पाणी दिलं नाही तर खत उन्हात उडून जाणार, आणि वार तर खैरुनबीचा. तिची बाजरी पोटरीत आलेली, कणीस बाहेर पडायच्या बेतात. त्या वक्ताला पाणी चुकलं की कणसात दाणा भरत नाही.

त्यानं पाट फोडून आपल्याकडं वळवला. ती बांधावर आली तर म्हणतो, "भाभी, आजचा दिस मला. उद्या-परवा दोन्ही तुमचे."

"बराबर द्या मंग," एवढंच ती बोलली.

दुपारीच विजेची डीपी जळाली, विहिरीवरची मोटर बंद पडली. नवी बसेपर्यंत खैरुनबीची कणसं पोचट झाली. भुजंगची बाजरी मात्र काळीभोर.

पुढं वैशाखात गावात सप्ताह बसला. महाप्रसादाची बाजरी जमा करीत भुजंग आणि गावातलाच पुंजाराम खैरुनबीच्या दारी आले. तिनं टोपलं ओतलं आणि पुन्हा आत जाऊन दुसरं आणलं.

"औंदा दाना हलका हाय, भाऊ. पिठाला कमी भरंल, म्हून जास्त घालून राह्यले."

पुंजाराम हसला. "भुजंगाचं कणीस हातभर, आन् तुमचं बोटभर! बांध तर एकच की!"

"नशीब," खैरुनबी म्हणाली.

भुजंगनं धरलेलं पोतं खाली ठेवलं. "नशीब न्हाई, पुंजाराम. हिच्या वाराचं पाणी म्याच तोडल्तं."

पुंजारामचं हसू विरलं. खैरुनबीनं रिकामं टोपलं कडेला घेतलं. "मला ठावंच हाय. तुमी कव्हा म्हनता, ते बघून राह्यल्ते."

त्या पंगतीत भुजंगनं वाढलं सगळ्यांना; स्वतःच्या तोंडात घास गेला नाही.

तुम्ही प्रसादाची भाकरी मोडाल तेव्हा, माउली, दुसरं टोपलं आणणाऱ्या खैरुनबीला आठवा.