सहा मावश्यांचा पहारा

लिफ्टच्या शाफ्टमध्ये मोबाइलला रेंज नसते. मी लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणजे अर्धा दिवस माझा मुक्काम लिफ्टच्या टपावर, वंगणाच्या वासात आणि काळोखात. पूर्वी मला त्याचं सुख वाटायचं. तिथं साहेबाचा फोन लागत नाही, बायकोचा लागत नाही, मेव्हण्याचा तर नाहीच नाही. मग मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि त्या सुखाला दृष्ट लागली.

उंचीनं माझ्या कानाला लागली तरी घरात ती टिल्लीच. तिला लहानपणापासून मधुमेह आहे, रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागणारा. दंडावर बटणाएवढा सेन्सर चिकटवलेला असतो. तो साखर मोजून तिच्या फोनला कळवतो आणि तिचा फोन माझ्या फोनला. आकडा शंभराच्या आसपास असला की माझा जीव भांड्यात पडतो. सत्तरच्या खाली घसरला की मी हातातलं काम टाकून तिला फोन लावतो. त्याहून खाली गेला की तिची जीभ जड होते, माणूस भलतंच बोलतो आणि वेळेवर काही गोड पोटात गेलं नाही तर शुद्ध हरपते. आमची ही त्या आकड्यांकडे बघतसुद्धा नाही. म्हणते, "तुम्ही बघा आणि मला फक्त ठीक आहे का ते सांगा." मी आपला वर्षानुवर्षं ठीक आहे म्हणत आलोय.

मी शाफ्टमध्ये असताना आकड्याकडे कोण बघणार? यावर उपाय निघाला तो दवाखान्याच्या बाकावर. आपापल्या पोरांना घेऊन येणाऱ्या सहा बायका तिथं भेटल्या आणि त्यांनी मला त्यांच्या ग्रुपात ओढलं. सहा मावश्या आणि एक मी. नियम साधा होता. प्रत्येकाचा पहाऱ्याचा वार ठरलेला. ज्याचा वार त्यानं आपल्या फोनवर सगळ्या पोरांचे आकडे बघायचे. एखादा घसरला तर आधी आईबापाला फोन, ते नाही सापडले तर पोराला, तेही नाही तर जवळ जो असेल त्याला. बाकीच्यांनी कामाला जावं, झोपावं, केस धुवावेत. जगात कुणी तरी आपल्यासारखंच धसका घेऊन बसलंय, एवढ्यानंही मला बरं वाटायचं. नातेवाईक काय, "अजून इंजेक्शन चालूच आहे का?" एवढं विचारून चहा पितात.

त्या दिवशी पहारा केकवालीचा होता. ती घरीच केक बनवून विकते. तिचा मुलगा नऊ वर्षांचा, शाळेत जाणारा. मी एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टच्या टपावर होतो. दुपारी टिल्लीचा आकडा कोसळायला लागला. केकवालीनं मला फोन केला, लागला नाही; हिला असले फोन करायचे नाहीत हे मीच सांगून ठेवलेलं. टिल्लीला केला, तिनं उचलला नाही. तेव्हा तिनं घाबरून ग्रुपात टाकलं, आणि मग सहाही मावश्या एकदम सुटल्या. कुणी टिल्लीला, कुणी तिच्या मैत्रिणीला, केकवाली आणि अजून एकजण तर एकाच वेळी हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंना. खोलीला आतून कडी होती. वॉर्डनबाईंनी दार फोडायला लावलं.

टिल्ली झोपली होती. तास रद्द झाला म्हणून फोनचा आवाज बंद करून, सेन्सरच्या बाजूच्या कुशीवर गाढ झोपली होती. हात अंगाखाली दाबला गेला की सेन्सर खोटाच कमी आकडा दाखवतो. आमच्या ग्रुपात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आमच्या धंद्यात तर पहिला धडाच हा, की मजल्याचा दिवा लागला म्हणून दारातून पाऊल टाकायचं नाही, आधी लिफ्ट समोर आहे का ते डोळ्यांनी बघायचं. पण भर दुपारी पोरगी झोपली असेल हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. वॉर्डनबाईंनी तिला धड जागंही होऊ दिलं नाही, तोंडात साखर कोंबली. बोट टोचून खात्री करू द्या, असं ती भरल्या तोंडानं सांगत होती. दारात अख्ख्या मजल्यावरच्या मुली उभ्या.

संध्याकाळी तिचा फोन आला. मला वाटलं रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, त्यांनी नवीन दार बसवलं. त्याला आतून कडी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांच्या खोलीला आहे, माझ्या नाही. मी पेशंट आहे ना."

"बाळा, त्या घाबरल्या गं. चांगल्या मनानंच..."

"माहितीये मला. सगळे चांगल्या मनानंच करतात." मग तिनं सांगून टाकलं. "मी आकडे दाखवणं बंद करतेय. तुला वाटेल तेव्हा फोन कर, मी सांगेन किती आहे ते."

त्याच क्षणी माझ्या फोनवरचा आकडा गेला आणि तिथं दोन आडव्या रेघा आल्या. मी विनवण्या केल्या, चिडलो, तिच्या आईची शपथ घालून पाहिली. ती एकोणीस वर्षांची आहे. तिच्या दंडावर माझा कसला हक्क?

राग काढायला केकवाली सापडली. तिला मी नको नको ते बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, चुकलंच माझं. पण तुम्ही माझ्या जागी असता आणि तो आकडा खरा असता तर?" मी फोन ठेवून दिला. दोन रेघा मात्र मी दिवसातून शंभर वेळा उघडून बघत राहिलो.

एका सुट्टीच्या सकाळी मी टिल्लीला फोन लावला. बऱ्याच वेळानं तिनं उचलला.

"किती आहे गं?"

ती म्हणाली, "एकशे... दहा."

शब्द जिभेला चिकटल्यासारखे येत होते. हा आवाज मी ओळखतो. लहानपणी साखर उतरली की याच आवाजात ती मला भिंतीतून पाणी येतंय म्हणून सांगायची.

"बोट टोचून बघितलंस का?"

"बाबा, नको ना परत. झोपेतून उठलेय मी."

फोन बंद झाला. पुन्हा लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला, तेच. वॉर्डनबाईंचा नंबर समोर काढला आणि अंगठा तसाच धरून बसलो. झोपेतला आवाजही तसाच जड असतो. फोन करावा आणि पोरगी नुसती झोपाळलेली निघावी, तर ती पुन्हा माझा फोन कधी उचलणार नाही. न करावा, तर... त्या पुढचं मला मनातही म्हणवत नव्हतं.

"ठीक आहे ना ती?" स्वयंपाकघरातून हिनं विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो आणि गॅलरीत जाऊन केकवालीला फोन लावला. मागं मिक्सरची घरघर होती. मी सांगायला लागलो तशी ती थांबली.

"वॉर्डनबाईंना करू का?"

"मला नका विचारू, भाऊ. मी एकदा केलाय."

"मग काय करू?"

"ते मला नाही सांगता येणार. पण हा फोन ठेवू नका. मी आहे इथं."

तिचा श्वास ऐकू येत होता. माझे हात लिफ्टचे जाडजूड दोर ओढणारे, आता त्यात नुसता टीचभर फोन होता. एवढ्या लांबून मी टिल्लीच्या तोंडात साखरेचा एक दाणा टाकू शकत नव्हतो.

मग टिल्लीकडून एक फोटो आला. रक्त तपासायच्या मीटरवर आकडा एकावन्न. शेजारी फळांच्या रसाचा चेपलेला रिकामा डबा. खाली तिनं लिहिलं होतं, "प्यायले. आता बरी आहे. वॉर्डनला सांगू नकोस."

मी केकवालीला आकडा सांगितला, ती प्यायली तेही सांगितलं. म्हणजे जीभ जड झाली असतानाही ती मला एकशे दहा म्हणाली होती. आधीच्या फोनवर ती जे जे सांगत आली, त्यातलं खरं किती होतं, कुणाला ठाऊक.

केकवालीनं माझ्याकडून तो आकडा पुन्हा एकदा वदवून घेतला.

"भाऊ," ती म्हणाली, "माझा नऊ वर्षांचा आहे. अजून सगळं मला दाखवतो. हे अजून किती वर्षं चालेल हो?"

"चालेल की," मी म्हणालो. "ठीक होईल."

हिला सांगतो त्याच आवाजात म्हणालो. तिनं ते ओळखलं असणार, कारण ती रडायला लागली आणि मी फोन कानाला लावून नुसता उभा राहिलो.