दोष बॅटरीचा नव्हता

मी एक जुनी स्कूटर आहे. मित्रांनो, एके काळी माझा रंग मोरपिशी होता. मावळातल्या उन्हापावसाने तो आता राखाडी झाला आहे. जन्मले कारखान्यात, पण माझे खरे आयुष्य सुरू झाले बेडसे गावात, यशोधराताईंच्या अंगणात.

ताई डोंगरावरच्या वाडीत अंगणवाडी चालवतात. पूर्वी तिथे कोणी बाई टिकत नसे. ताई टिकल्या, त्यात थोडा वाटा माझाही होता. पायापाशी अंड्यांचा ट्रे घेऊन मी रोज तो चढ चढत असे.

मग मला काहीतरी झाले. आधी हॉर्न घोगरा झाला. पुढे स्टार्टरचे बटण दाबले की नुसते कट् व्हायचे, किकच मारावी लागायची. ताईंनी नवी बॅटरी बसवली. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. अजून एक बॅटरी आली, तीही मेली.

एका सकाळी दाट धुक्यात वळणावर अचानक टेम्पो समोर आला. ताईंनी हॉर्न दाबला. मी मुकीच! त्यांनी मला कडेच्या चिखलात घातले म्हणून आम्ही वाचलो. सगळी अंडी फुटली. ताईंचा कोपर सोलवटला.

ताईंचे पती सुहास खंडाळ्याच्या हॉटेलात ड्रायव्हर आहेत. कोपर पाहून ते हादरले.

"पुरे झालं. रविवारी भंगारवाल्याला बोलावतो."

"अहो, मग मी वाडीवर जाणार कशी?"

"बदली मागून घे. तुझ्या जिवापेक्षा काही मोठं नाही."

त्या दिवशी मला पुसताना ताईंचा हात सीटवर बराच वेळ रेंगाळला. मला फार वाईट वाटले.

शनिवारी वराळ्याहून सुहासरावांची बहीण सविता आली. ती कारखान्यात वायरिंग तपासण्याचे काम करते. सगळे ऐकून तिने पिशवीतून मीटर काढला.

"वहिनी, विकायच्या आधी एकदा बघू या. बॅटरी मरते की तिला कोणी भरतच नाही?"

चार्ज करून आणलेल्या बॅटरीवर मीटरने साडेबारा व्होल्ट दाखवले.

"आता किक मारा आणि रेस द्या. आकडा चौदाच्या आसपास जायला हवा."

ताईंनी रेस दिली. आकडा वर गेला नाही. उलट हळूहळू उतरू लागला.

"म्हणजे बॅटरी बिचारी उपाशी आहे!" ताई म्हणाल्या.

सविताने फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. मग इंजिनातल्या कॉइलच्या वायरींना मीटर लावला. रेस वाढली तसा आकडा वाढला. वीज तयार होत होती! पुढे रेग्युलेटर, म्हणजे त्या विजेला बॅटरीजोगी करणारा डबा. त्यातून बाहेर पडणाऱ्या वायरीशी मीटर चौदाच्या वर गेला.

"इथं वीज आहे, बॅटरीशी नाही," ताई एकदम म्हणाल्या. "मग मधेच कुठंतरी अडतंय."

त्यांनी स्वतः वायर चाचपत नेली, पुढच्या पत्र्यामागचा जोड ओढून उघडला. आत हिरवा गंज होता आणि एक पिन जळून काळी पडली होती. किती पावसाळ्यांचे पाणी तिथे मुरले होते! सविताने पिन बदलली, ताईंनी जोड घासून कोरडा केला.

पुन्हा किक. पुन्हा रेस. तेरा... साडेतेरा... चौदा!

"चौदा!" दोघी एकदम ओरडल्या. सुहासराव बाहेर धावले. ताईंनी हॉर्न दाबला तसे ते दचकून मागे सरले आणि हसू लागले.

"भंगारवाल्याला फोन करतो. येऊ नको म्हणून सांगतो."

मित्रांनो, तुमच्या घरची गाडी रुसली, तर तिला टाकायची घाई करू नका. वीज कुठे तयार होते आणि कुठे अडते, ते एकेक करत शोधा. पावसाळा संपला की तिचे जोड उघडून पुसा. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हीच विचारायला हवे.

सोमवारी फाट्यावर अंगणवाडीच्या मदतनीस गंगीमावशी उभ्या होत्या. त्या नेहमी पायी चढत.

"बसा मावशी, आज हिला जोर आलाय."

"मला भ्या वाटतं गं..." म्हणत त्या बसल्या आणि ताईंना घट्ट धरून राहिल्या. पहिल्या वळणावर ओरडल्या, "हळू, हळू!" दुसऱ्यावर गप्प झाल्या. शेवटच्या चढावर एक टेम्पो धापा टाकत होता. मी त्याच्या बाजूने सुसाट निघाले, तशा गंगीमावशी हात उंचावून ओरडल्या,

"आजून पळव की ताई, आजून!"